धक्क्यांची वही

मेकॅनिकबाईंना कुणी ‘हे तुमचं काम नव्हे’ म्हटलं की ते काम त्यांचंच होऊन बसे. हा त्यांचा जुना रोग होता आणि त्यावर औषध नव्हतं.

तयार कपड्यांच्या कारखान्यात त्या शिलाईला लागल्या, तेव्हा मशीन बिघडलं की अर्धा अर्धा दिवस हातावर हात ठेवून बसावं लागे. मशीनं दोनशे, मेकॅनिक एक, आणि तोही हॉलपेक्षा कँटीनमध्येच जास्त सापडायचा. एक दिवस बाईंनी वाट पाहायचं सोडलं आणि आपलं मशीन स्वतःच उलटं करून उघडलं. सुपरवायझर धावत आला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडला. बाईंनी मान वर न करता त्याला सांगितलं, “ओरडून झालं असेल तर तो बारीक स्क्रू-ड्रायव्हर द्या.” मशीन चालू झालं. दोन वर्षांनी त्याच सुपरवायझरनं मुकाट्यानं हत्यारांची पिशवी त्यांच्या हातात दिली. सोबत मिळालेला निळा कोट पुरुषी मापाचा होता. तो बाईंनी जेवणाच्या सुट्टीत उसवला आणि स्वतःच्या मापाचा करून घेतला.

पुढची अठ्ठावीस वर्षं त्या त्याच हॉलमध्ये मेकॅनिक होत्या. त्यांचे नियम दोन. पहिला: एका वेळी एकच स्क्रू, तोही पाव फेरा. फिरवायचा, चिंधीवर चार टाके घालून बघायचे, ती चिंधी वहीत स्टेपल करायची आणि खाली लिहायचं, कुठला स्क्रू, किती फिरवला. कुणी घाईघाईत दोन स्क्रू एकदम फिरवले की त्याची खैर नसे. “आता ह्यातल्या कुणाच्या पुण्याईनं सुधारलं ते सांग!” असं त्या विचारत, आणि सांगता येईपर्यंत हलू देत नसत. दुसरा नियम सफाईचा. सुट्टीची घंटा झाली की सुईखालची पट्टी उचलायची आणि दिवसभर साचलेलं तूस ब्रशनं झाडून काढायचं. रोजच्या रोज. नव्या आलेल्या मुलींना त्या म्हणायच्या, “घाण तशीच ठेवून घरी जाणाऱ्या माणसाला जेवण तरी कसं जातं!”

त्यांचे यजमान शहराच्या बसवर ड्रायव्हर. एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीला खरचटलं नाही, याचा त्यांना अभिमान होता, पण खरी मिजास वेगळ्याच गोष्टीची होती. “माझ्या बसमध्ये म्हातारी उभ्यानं सुईत दोरा ओवेल,” असं ते म्हणायचे. बायको शिलाईच्या धंद्यातली, म्हणून मुद्दाम सुईदोऱ्याचंच उदाहरण. बाई नाक उडवायच्या, पण एकदा त्यांच्या बसमधून जाताना त्यांनी पिशवीतून सुईदोरा काढून खरंच बघितलं होतं. दोरा पहिल्या झटक्यात ओवला गेला. हे त्यांनी नवऱ्याला कधीच सांगितलं नाही. डोक्यावर बसले असते.

निवृत्तीनंतर दीड वर्षानं ड्रायव्हरसाहेबांना झटका आला. जीव वाचला, जीभ वाचली, पाय हळूहळू वळणावर आला. डावा हात मात्र बाजूला लटकत राहिला. दवाखान्याच्या व्हरांड्यात मोठे डॉक्टर चालता चालता म्हणाले, “वय झालंय त्यांचं. फार अपेक्षा ठेवू नका.” बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण डॉक्टरांच्या हातून स्क्रू-ड्रायव्हर कसा मागून घेणार? त्या गप्प बसल्या आणि ते गप्प बसणं त्यांना काट्यासारखं सलत राहिलं.

व्यायाम शिकवणारी फिजिओ तरुण होती आणि तिची भाषा वेगळी होती. “काकू, पहिल्या सहा महिन्यांत हात जेवढा वळेल तेवढा वळवून घ्यायचा,” ती म्हणाली. पण साहेब वळवून घेतील तर शपथ. रबरी चेंडू दाबायला दिला तर “मी काय रांगणारं पोर आहे?” म्हणून भिरकावून दिला. मग फिजिओनं तिच्या खोलीतल्या कंप्युटरपुढच्या खोट्या स्टिअरिंगवर त्यांना बसवलं. साहेबांची पाठ आपोआप ताठ झाली. उजव्या हातानं डावा उचलून त्यांनी चाकावर ठेवला आणि आरशाच्या जागी बघितलं. आरसा नव्हता, तरी बघितलं.

त्याच आठवड्यात लेकीनं बस चालवायचा गेम, स्टिअरिंग आणि पायातली पेडलं आणून दिली. कॉलेजात असतानाचा तिचा जुना कंप्युटर माहेरी पडून होताच. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी सगळं मांडलं गेलं. रोज सकाळी चहा झाला की चाळीस मिनिटं बस. अठरा स्टॉपांचा रस्ता. सुरुवातीला डावा हात चाकाला मऊ पट्टीनं बांधावा लागे, महिन्याभरात पट्टी सुटली. एकच गोष्ट जमत नव्हती. बसचं दार उघडायचं निळं बटण चाकावर डाव्या अंगठ्याखाली होतं, आणि तो अंगठा काही केल्या दबत नव्हता. म्हणून बाई शेजारी खुर्ची टाकून बसत आणि स्टॉप आला की कीबोर्डवरची कळ दाबून दार उघडत. साहेब त्यांना ‘कंडक्टर’ म्हणत. घरात पुन्हा कुणीतरी कुणाला तरी चिडवायला लागलं होतं, यातच बाईंना सगळं मिळालं.

आणि तिसरा महिना संपताना कंप्युटर बसला. हार्ड डिस्क गेली.

दुकानदारानं झाकण काढून आत नजर टाकली. “नवी डिस्क बसेल. पण आताची विंडोज ह्याच्यावर चढणार नाही. लिनक्स टाकून देतो हवं तर, पण तुमचा गेम आहे विंडोजचा, तो काही त्यावर धड चालायचा नाही. वय झालंय ह्याचं. फार अपेक्षा ठेवू नका.”

तेच शब्द, तोच सूर. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांपुढे गिळलेलं सगळं वर आलं.

“डिस्क द्या,” त्या म्हणाल्या. “लिनक्स मी टाकते.”

संध्याकाळी लेक आणि जावई आले. जावई एका ऑफिसातले कंप्युटर सांभाळायचे, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. “आई, परवा मी नवीन आणून ठेवतो,” ते म्हणाले. “विंडोज, गेम, सगळं घालून. हा डबा भंगारात द्या.”

“डबा म्हणू नका.”

“बरं, कंप्युटर. पण लिनक्सचा नाद सोडा. आमच्या ऑफिसातली मुलं त्यात डोकं घालायला कंटाळतात. हे तुमचं काम नाही.”

झालं! लेकीनं कपाळावर हात मारून घेतला. नको तेच वाक्य नवऱ्यानं नेमकं उच्चारलं होतं.

“जावईबापू, मला एक महिना द्या,” बाई म्हणाल्या. “महिन्यानं ह्यांची बस ह्या मशीनवर लोण्यासारखी चालली नाही, तर तुम्ही आणाल ते मुकाट्यानं ठेवून घेईन.”

“आई, तो महिना तुमचा नाही. बाबांचा आहे.”

जावई वाईट माणूस नव्हते, आणि त्यांनी बोट ठेवलं होतं ते अगदी बरोबर जागी. हात वळवायला तीन महिने उरलेले, त्यातला एक आपल्या हट्टापायी घालवायचा?

“मला कुणी विचारणार आहे का?” खिडकीजवळून साहेब म्हणाले. “डेपोनं मला एकतीस वर्षं जुन्याच गाड्या दिल्या. ‘वय झालंय’ म्हणून गाडी सोडायची असती तर मी पहिल्याच वर्षी सोडली असती. एक महिना. मी दिला.”

लिनक्स एका दुपारीत चढलं. बाईंना वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं निघालं. खरी माशी शिंकली ती गेमपाशी. विंडोजसाठी बनवलेला गेम विंडोजशीच बोलतो, लिनक्सला त्याची भाषा कळत नाही. म्हणून मधे एक प्रोग्रॅम बसवावा लागतो, तो गेमचं म्हणणं ऐकून लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतो. बाईंनी त्याचं नाव ठेवलं दुभाष्या. परक्या भाषांतली मशीनची माहितीपुस्तकं चित्रांवरून लावत त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे दुभाष्याची गरज त्यांना कुणी समजावून सांगावी लागली नाही.

कारखान्यातली शेवटची वही निम्मी कोरी होती. तिच्यात त्यांनी नवीन पान काढलं. एका वेळी एकच बदल. चिंधी स्टेपल करता येणार नव्हती, एवढाच फरक.

पहिले चार दिवस गेम उघडलाच नाही. पाचव्या दिवशी उघडला, तर पडदा काळाकुट्ट आणि इंजिनाचा आवाज मात्र फर्मास. “गाडी चालू आहे,” साहेब म्हणाले, “कुणीतरी काच पुसा.” बाईंनी लिनक्सवाल्यांच्या एका चर्चेच्या पानावर प्रश्न टाकला. पहिलं उत्तर आलं: ‘इतक्या जुन्या मशीनवर वेळ घालवण्यापेक्षा दुसरा छंद शोधा.’ बाईंनी खाली लिहिलं: ‘सल्ल्याबद्दल आभार. काळ्या पडद्याबद्दल काही माहीत असेल तर तेही सांगा.’ दुसऱ्या एकानं मग शहाण्यासारखं सांगितलं, की चित्र काढणाऱ्या कार्डाचा प्रोग्रॅम जुना आहे, तो बदला. बदलला. बस दिसली. पण ब्रेक दाबला की पळायला लागली. पेडलं उलटी जोडली गेली होती.

“अशी एक गाडी होती आमच्याकडे,” साहेब म्हणाले. “तिला सगळे टाळायचे.”

नवव्या दिवशी बस डेपोतून सुटली. पहिल्या वळणावर चित्र क्षणभर थिजलं, मग हिसका मारून पुढे आलं. झाडं आली, पुन्हा थिजलं. दुकानांची रांग आली, पुन्हा. साहेबांनी कसेबसे तीन स्टॉप घेतले, बस कडेला लावली आणि दोन्ही हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले.

“नाही चालवणार.”

“अहो, खेळ आहे तो.”

“तुझ्यासाठी खेळ. मागं माणसं उभी आहेत. इतक्या धक्क्यांत म्हातारी पडेल.”

दुसरी कुणी असती तर तिनं डोकं आपटून घेतलं असतं. पण सुटलेल्या टाक्याचा शर्ट बाईंनीही कधी पुढे जाऊ दिला नव्हता. त्यांना नवऱ्याचा रागही आला आणि त्याच क्षणी तो फार आवडलाही. शेवटी करार झाला. साहेब रोज तीन स्टॉप चालवतील आणि धक्के मोठ्यानं मोजतील. बाई लिहून घेतील. धक्के थांबेपर्यंत चौथा स्टॉप नाही.

वहीत दोन रकाने पडले, ‘बदल’ आणि ‘धक्के’. पहिल्या दिवशीचे धक्के अठ्ठावन्न.

बाईंनी झाडांच्या सावल्या बंद केल्या. पंचावन्न. चित्राचा आकार कमी केला. त्रेपन्न. कंप्युटर वीज वाचवायला म्हणून स्वतःलाच अर्ध्या वेगावर ठेवतो, हे त्यांना कळलं, आणि पेडलवर अर्धवट पाय ठेवून शिवणाऱ्या आळशी मुलींची आठवण झाली. त्यांनी त्याला पूर्ण पाय द्यायला लावला. सेहेचाळीस. बाराव्या दिवशी त्यांनी झाकण काढलं, तर पंख्याच्या पात्यांवर धुळीचं कांबळं पसरलेलं. आपला जुना ब्रश काढून त्यांनी कोपरा न् कोपरा साफ केला. दुसऱ्या दिवशी चौतीस!

बाईंचा जीव भांड्यात पडला. म्हणजे इथेही सगळा खेळ सफाईचाच होता. आत, फायलींमध्ये, तर त्या बस डेपोतून सुटली त्या संध्याकाळपासूनच झाडत होत्या. तेव्हाच त्यांना एक फोल्डर सापडला होता. बस चालवून झाली की त्यात शेकडो बारीक फायली पडलेल्या दिसत. रोज नव्या. अगदी पट्टीखालच्या तुसासारख्या. कुठल्याशा पानावर लिहिलेलंही होतं की हे तात्पुरतं सामान असतं, पुसलं तरी काही बिघडत नाही. बस्स. त्या दिवसापासून कंप्युटर बंद करण्याआधी बाई तो फोल्डर झाडून पुसून लख्ख करत. रोजच्या रोज. तेव्हा कुठे त्यांना जेवण गोड लागे.

पण आकडा अडून बसला. चौतीस, तेहेतीस, पस्तीस, चौतीस. बाई रोज एक बदल करत, साहेब रोज मोजत, आणि चाळीस मिनिटांच्या जागी सात मिनिटांत बस डेपोत परत येई. आठवड्याच्या तपासणीला फिजिओनं पकड मोजायचं यंत्र साहेबांच्या डाव्या हातात दिलं. काटा मागच्या खेपेपेक्षा खाली थांबला. “काकू, ह्या वेळी कमी आलंय,” ती हळू आवाजात म्हणाली. “चालवणं कमी झालंय का?”

घरी येताना जावयाचं वाक्य बाईंच्या डोक्यात घण घालत होतं. हातातला पाना टाकून द्यावा असं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं. पण नव्या खोक्यापुढे बसलेला नवरा आणि तोंडावर तेच ‘फार अपेक्षा ठेवू नका’, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि त्यांनी पाना आणखी घट्ट धरला.

तेविसाव्या दिवशी साहेबांचा तिसरा स्टॉप झाला, बाईंनी गेम बंद केला आणि सफाईला हात घालणार तोच वीज गेली. ती आली दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळेला. नवा बदल करायला सवडच नव्हती. ‘बदल’च्या रकान्यात बाईंनी लिहिलं: काही नाही, वीज नव्हती.

साहेबांनी बस काढली. पहिलं वळण गेलं. झाडं गेली. दुकानांची रांग गेली. साहेबांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी साहेबांकडे.

“मोजा की!”

“काय मोजू? दोनच झाले.”

तिसरा स्टॉप आला. साहेबांनी ब्रेकवरून पाय काढला आणि बस चौथ्याकडे नेली. आणि तिथून पुन्हा थिजणं सुरू झालं, थेट पहिल्या दिवसासारखं. तोंड वाकडं करून त्यांनी गाडी थांबवली. तरी बाई इतक्या खुशीत होत्या की संध्याकाळी त्यांनी सफाई आणखी मन लावून केली.

पंचविसाव्या दिवशी चौतीस.

त्या दुपारी बाई वही पुढ्यात घेऊन बसल्या. ज्या दिवशी काहीच बदललं नाही त्या दिवशी सुधारणा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे. भुताटकी मानणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. मशीन उगाच सुधारत नाही, कुणीतरी कुठेतरी हात लावलेला असतो. किंवा लावायचा राहिलेला असतो.

लावायचा राहिलेला.

त्या उठल्या आणि त्या फोल्डरबद्दल जे सापडेल ते वाचत सुटल्या. वाचता वाचता त्यांचे कान तापले. दुभाष्या प्रत्येक नवी गोष्ट, नवं झाड, नवी भिंत, पहिल्यांदा दिसली की तिचं भाषांतर करायला क्षणभर थांबत होता. तोच तो धक्का. पण एकदा केलेलं भाषांतर तो लिहून ठेवत होता, पुन्हा थांबायला लागू नये म्हणून. त्या शेकडो बारीक फायली म्हणजे तूस नव्हतं. ती दुभाष्याची वही होती. आणि ती वही, स्वतः जन्मभर वह्या जपणाऱ्या बाई, रोज फाडून टाकत होत्या. पुसल्यानं बिघडत काही नव्हतं, हे खरंच होतं. फक्त बिचाऱ्याला रोज सकाळी पहिल्यापासून शिकावं लागत होतं.

साहेब पेपर वाचत होते. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“अहो, धक्के मीच देत होते.”

“म्हणजे?”

बाईंनी सगळं सांगितलं. “पंधरा दिवस. तुमच्या हाताचे पंधरा दिवस मी माझ्या ब्रशनं झाडून टाकले. जावई म्हणाले ते खोटं नव्हतं. हट्ट माझा आणि महिना तुमचा.” रडायचं नाही असं ठरवूनही त्यांना रडू आलं, आणि त्याचाही त्यांना संताप आला.

साहेबांचं तोंड झटक्यानंतर हसताना एका बाजूला ओढलं जाई, म्हणून ते हसणं टाळत. आता ते खदखदून हसले, वाकडं तर वाकडं. “अगं, म्हणजे तू त्या बिचाऱ्याला रोज नव्या रूटवर घातलंस! नवा ड्रायव्हर नव्या रस्त्यावर वळणावळणाला ब्रेक मारणारच. आठवडाभर तोच रस्ता दिला की डोळे मिटून नेतो. आणि तू काय केलंस? रोज संध्याकाळी त्याच्या डोक्यातून रस्ता पुसलास!”

“हसताय काय?”

“मग काय करू? डेपोत आमची काय पद्धत होती, माहीत आहे? नवा रूट सुरू करायचा तर आधी दोन दिवस रिकामी गाडी फिरवायची. प्रवासी नाहीत, म्हणजे पडायला कुणी नाही. बसू देत धक्के.” त्यांनी पेपरची घडी केली. “उद्या रिकामी गाडी. अठराच्या अठरा स्टॉप. आणि तू तुझ्या त्या ब्रशला सुट्टी दे.”

त्या संध्याकाळी कंप्युटर तसाच, न झाडता बंद करताना बाईंचे हात शिवशिवले. अठ्ठावीस वर्षांची सवय. त्यांनी ब्रश कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं. किल्ली साहेबांकडे दिली.

सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या दिवशी रिकामी गाडी फिरली. पहिल्या दिवशी चौथ्या स्टॉपापासून पुढे धक्क्यांचा पाऊस पडला, पण साहेबांनी एकदाही कुरकुर केली नाही. शिकाऊ माणसाशेजारी बसल्यासारखे “हं, घे, घे सावकाश,” असं पडद्याला म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी धक्के नऊ. अठ्ठाविसाव्या दिवशी प्रवासी बसले. धक्के तीन, चाळीस मिनिटं. फिजिओच्या यंत्राचा काटा पहिल्या जागी आला आणि तिथे न थांबता दोन घरं पुढे गेला.

तिसाव्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, लेक-जावई आले. जावयाच्या हातात नवा कोरा खोका होता. तो त्यांनी दाराशी ठेवला. “आई, शब्द म्हणजे शब्द.”

“शब्दच पाळायचाय,” बाई म्हणाल्या. “बसा. तिकीट लागणार नाही.”

जावई बसले नाहीत. साहेबांच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभे राहिले. साहेबांनी बस काढली. नसलेल्या आरशात बघितलं. पहिलं वळण, झाडं, दुकानांची रांग. बाईंनी स्टॉपामागून स्टॉप कळ दाबून दार उघडलं, बंद केलं. पाचव्या स्टॉपानंतर जावयाच्या हाताची घडी सुटली. नवव्यानंतर ते खुर्चीच्या पाठीवर वाकून बघू लागले. “हे ह्याच मशीनवर चाललंय?” त्यांनी विचारलं.

“डब्यावर,” बाई म्हणाल्या.

जावई ओशाळून हसले. “माझं चुकलं, आई. कसं केलंत ते मला शिकवाल?”

“शिकवीन. आधी माझी एक चूक सांगेन, तिच्यापासून सुरू करू. आता गप्प बसा, चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलायचं नसतं.”

सतरावा स्टॉप गेला. शेवटचं लांब वळण आलं. डाव्या हातानं चाक धरलेलं, उजवा नुसता आधाराला. बस डुलतसुद्धा नव्हती. अठराव्या स्टॉपाच्या रेघेला ती इतकी अलगद टेकली की थांबली कधी ते कळलं नाही. बाईंनी सवयीनं कळीकडे बोट नेलं.

दाराचा आवाज आधीच आला.

बाईंचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी चाकाकडे बघितलं. डावा अंगठा निळ्या बटणावर होता. थरथरत होता, नखाची कड पांढरी पडली होती, पण बटण पूर्ण दाबलेलं होतं, पाव फेरासुद्धा कमी नाही.

“शेवटचा स्टॉप,” साहेब म्हणाले. “सावकाश उतरा.”

लेकीनं तोंड फिरवून डोळे पुसले. जावयांनी दाराशी ठेवलेला खोका उचलला आणि ते तो खाली गाडीत ठेवायला गेले.

बाईंनी वही ओढली. ‘धक्के’च्या रकान्यात शून्य घातलं आणि ते दोनदा गिरवलं. मग ‘बदल’च्या रकान्यात, नेमाप्रमाणे, एकच गोष्ट लिहिली: आज दार ह्यांनी उघडलं.